बिनदाराचं गाव आणि स्पॅमचा पूर

मंडळी, नगर जिल्ह्यातलं (कागदोपत्री आता अहिल्यानगर) शनिशिंगणापूर तुम्हाला माहीत असेलच. नेवासे तालुक्यातलं, घरांना दारं नसलेलं गाव. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा पेपरांनी केवढं कौतुक केलं होतं. चोरी केली तर शनिदेव बघून घेईल, ही गावाची श्रद्धा. ती आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. अनोळखी माणूस गल्लीत शिरला की दहा डोळे त्याच्यावर असतात. म्हणजे दार नसलं तरी शेजार असतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मॅस्टोडॉन. ट्विटरसारखंच, पण एका कंपनीच्या मालकीचं नाही. हजारो छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, आणि सगळे एकमेकांशी बोलतात. ऑयगेन रोश्को नावाच्या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते सुरू केलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, तेव्हा आपल्याकडचे बरेच लोक तिथे गेले. अशा गावात स्पॅमवाले बॉट घुसले तर त्यांना आवरायचं कुणी? प्रश्न नवा वाटतो, पण नाहीये. त्याचा इतिहास मजेशीर आहे आणि त्यातला एक धडा पुन्हा नगर जिल्ह्यातूनच जातो :)

शिर्डीच्या साईबाबांच्या नावाने येणारी पोस्टकार्डं आठवतात? "हे पत्र इतक्या जणांना लिहून पाठवा. अमक्याने पाठवलं, त्याला लॉटरी लागली. तमक्याने फाडलं, त्याचा धंदा बुडाला." कधी साईबाबा, कधी संतोषीमाता, कधी तिरुपती बालाजी. बिचाऱ्या शिर्डीचा यात काहीच हात नव्हता, फक्त नाव वापरलेलं. आता हे इंजिनियरच्या भाषेत बघा. मजकुरातच स्वतःची कॉपी काढायची आज्ञा, सोबत थोडी लालूच आणि थोडी भीती. कुठेही मुख्य कचेरी नाही, सूत्रधार नाही. बॉट कोण? तर आपली आजी, शेजारच्या काकू! पण हा पूर कधी हाताबाहेर गेला नाही. कारण प्रत्येक कार्ड हाताने लिहावं लागायचं आणि प्रत्येकाला पैसे पडायचे.

किंमत किती कामाची असते ते पोस्टखात्याने पुढे मुद्दामच दाखवून दिलं. दूरदर्शनवर रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक यांची 'सुरभि' लागायची. त्यातल्या प्रश्नांची उत्तरं लोक पोस्टकार्डावर पाठवायचे. १९९३ मध्ये एका आठवड्यात १४ लाखांहून जास्त पत्रं आली. साधं कार्ड १५ पैशांना, सरकारच्या सवलतीतलं, गरिबाने खुशाली कळवावी म्हणून स्वस्त ठेवलेलं. त्यावर स्पर्धांचा असा पूर! मग पोस्टाने स्पर्धेसाठी वेगळं कार्ड काढलं, दोन रुपयांचं. कुणावर बंदी नाही, कुणाचं पत्र उघडून वाचणं नाही. ज्याला हजारोंच्या गर्दीत उडी घ्यायची त्याने जास्त मोजावे, बस्स.

इंटरनेटवर नेमकी हीच गोष्ट नव्हती. पाठवणं जवळजवळ फुकट. १९७८ मध्ये डेक कंपनीच्या एका विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. लोक चिडले, पण गाव लहान होतं, दम देऊन भागलं. १९९४ चा एप्रिल मात्र वेगळा. ॲरिझोनातल्या एका वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या पाच हजारांहून जास्त ग्रुपांवर टाकली. यूजनेट म्हणजे मॅस्टोडॉनचं आजोळच म्हणा ना: मालक नाही, प्रत्येक विद्यापीठाचा आपला सर्व्हर. (अमेरिकेत शिकणारी आपली पोरंही त्या दशकात तिथे असायची.) लोकांनी त्या जोडप्यावर निषेधाच्या मेलचा पाऊस पाडला, त्यांना उपरती काही झाली नाही. शेवटी नॉर्वेतल्या एका प्रोग्रामरने त्यांच्या पोस्ट आपोआप रद्द करणारा बॉट लिहिला. बॉटवर बॉटचा उतारा!

ईमेलची गोष्टही तशीच. सुरुवातीला कुठलाही मेल सर्व्हर कुणाचंही पत्र पुढे पाठवायचा, अगदी शिंगणापूरची घरं. स्पॅमवाल्यांनी त्याचा फायदा घेतला. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सीने वाईट सर्व्हरांची काळी यादी सुरू केली, ती सगळ्यांनी वापरायची. त्याच वर्षी ॲडम बॅकने वेगळी कल्पना मांडली: प्रत्येक मेलसाठी पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरला थोडं गणित करायला लावा, म्हणजे लाख मेल पाठवणं महाग पडेल. हे तर सुरभिचं दोन रुपयांचं कार्डच! ही युक्ती मेलमध्ये रुजली नाही, पुढे बिटकॉइनमध्ये कामाला आली. काळ्या याद्या मात्र रुजल्या. परिणाम काय? स्वतःचा छोटा मेल सर्व्हर चालवणाऱ्याची साधी पत्रंही लोकांच्या स्पॅम फोल्डरात जायला लागली. वैतागून माणसं मोठ्या कंपन्यांकडे गेली. आज मेल कागदावर विकेंद्रित आहे, पण बहुतेकांची पेटी दोन-तीन कंपन्यांकडेच. स्पॅमने मेल मारलं नाही, मेलमधलं स्वातंत्र्य मारलं, असं मला वाटतं.

"मग राहू दे ना एकच कंपनी, काय बिघडतं?" असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर सोपं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भटक्या माणसांचा जीव घेतला. तशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल असं केलं. एका कंपनीने ठरवलं आणि देशभर लागू झालं. विकेंद्रित जाळ्यात असा कुणी नसतो, आणि ही उणीव खरी आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती उणीव उघडी पडली. मॅस्टोडॉनवर स्पॅमचा मोठा हल्ला झाला. जपानमधल्या काही पोरांच्या आपसातल्या भांडणातून तो सुरू झाला, असं बातम्यांत आलं. पद्धत साधी होती. कुणीतरी हौसेने काढलेले आणि मग विसरलेले छोटे सर्व्हर शोधायचे, जिथे नोंदणी खुली आहे आणि चालक झोपलाय. तिथे बॉटने खाती काढायची आणि सगळ्या जगाला मेसेज मारायचे. दार उघडं असणं हा प्रश्न नव्हताच, घरात कुणी नसणं हा होता. मॅस्टोडॉनने काढलेला उपायही मला म्हणूनच आवडला. पुढच्या आवृत्तीत असं केलं की सर्व्हरवर आठवडाभर एकही देखरेख करणारा फिरकला नाही, तर खुली नोंदणी आपोआप बंद होऊन नव्या खात्याला मंजुरी लागेल. माणूस जागा असेल तर दार उघडं राहू दे, नसेल तर लोटून घे.

शिंगणापूरही बदललंय. भाविकांची गर्दी वाढली, २०१५ मध्ये पोलीस ठाणं आलं. ऑनलाइन पूजेच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण २०२५ मध्ये विधानसभेत गाजलं. घरांना दारं नसण्याशी त्याचा काही संबंध नाही. शेजाऱ्याचे डोळे गल्लीतल्या माणसावर असतात, मोबाइलमधल्या ॲपवर नसतात.

तर तुम्ही मॅस्टोडॉनवर जाणार असाल तर सर्व्हर निवडताना फीचर्सच्या आधी तो कोण चालवतं, नियम काय आहेत आणि तक्रारीला उत्तर मिळतं का, एवढं बघा. हे काम बहुतेक लोक नोकरी सांभाळून रात्री, फुकटात करतात. जमलं तर त्यांना महिन्याला एका चहा-वडापावचे पैसे पाठवा, आणि स्पॅम दिसला तर नुसतं पुढे न सरकता रिपोर्टचं बटण दाबा. जमेल तसा आपणही थोडा पहारा करायचा, नाहीतर मेलचं झालं तेच याचंही होईल.

असो. बराच लांबला लेख. तुमच्याकडे साईबाबांचं एखादं जुनं पोस्टकार्ड अजून असेल तर जपून ठेवा... पण कृपा करून मला पाठवू नका! :)