धोट्याचा विटाळ

वंशभेद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिण आफ्रिका उभी राहते, अमेरिका उभी राहते. भिवंडीसारख्या मागांच्या गावात या प्रश्नाचा विचार करायचा, तर आधी धोटा हाती घेतला पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांत कांडी संपली, की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घेई. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना विणकाम खात्यात पाऊल ठेवू देत नसत. चांगला पगार नेमका त्याच खात्यात होता.

१९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. ही बंदी उठवण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. पुढाऱ्यांनी ती घातली, पण नाखुषीने. मालक म्हणाले, हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही! युनियनचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याची मान या उत्तरापुढे खाली जाते. कारण दार अडवून उभे होते ते आपलेच कामगार.

पुढे जगाने कायदे केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५८ साली नोकरीतील भेदभावाविरुद्ध १११ क्रमांकाचा करार केला. त्यात वंश, वर्ण, धर्म यांच्याबरोबर 'सामाजिक मूळ' हेही शब्द आहेत. भारताने तो १९६० साली मान्य केला. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांनी वंशभेदाविरुद्ध करार केला. त्याच्या व्याख्येत 'कूळ' हा शब्द भारताच्याच सूचनेने आला. परंतु २००१ साली दरबानच्या परिषदेत जातीचा प्रश्न निघाला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, असे म्हणून आपल्याच सरकारने त्याला विरोध केला. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीने स्पष्ट केले, की 'कूळ' या शब्दात जातही येते.

करार सरकारला बांधतो. शेजारच्या मागावर कोण उभा राहील, हे मात्र पुष्कळदा कामगारच ठरवतात. आज भिवंडीत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथले कामगार एका छपराखाली माग चालवतात. आपल्या पुढच्या मागणीपत्रात भेदभावाविरुद्धचे कलम पहिले असू द्या. आणि ते मालकापुढे ठेवण्याआधी आपल्या सभेत मोठ्याने वाचा.