गनाश आणि हनुवटी

केकवरून ओघळणारं चॉकलेटचं गनाश आणि आपली हनुवटी हे शब्द एकमेकांचे दूरचे नातेवाईक आहेत, असं सांगितलं की समोरचा आधी हनुवटीला काही लागलंय का ते बघतो. फ्रेंचमध्ये ‘गनाश’ म्हणजे घोड्याचा खालचा जबडा. त्यावरून जड जबड्याचा, मंद माणूस, आपल्याकडचा ठोंब्या. फ्रेंचांनी तो इटालियन ‘गनाशा’वरून उचलला आणि त्याची मुळी जाते ग्रीक ‘ग्नाथोस’कडे. ग्रीक ‘गेनुस’, लॅटिन ‘गेना’, इंग्रजी ‘चिन’ आणि संस्कृत ‘हनु’ ही एका घरातली भावंडं, आणि ग्नाथोसलाही बहुतेक अभ्यासक याच घरात बसवतात. हनुवरून हनुवटी, हनुवरूनच हनुमान.

आता जबड्याचं नाव मलईत विरघळलेल्या चॉकलेटला का पडावं? मिठाईवाले सांगतात ती गोष्ट अशी : पॅरिसमधल्या एका नवशिक्या पोराच्या हातून गरम मलई चॉकलेटवर सांडली, उस्ताद ओरडला, ‘गनाश!’ म्हणजे ‘अरे ठोंब्या!’ आणि तेच नाव चिकटलं. गोष्ट झकास आहे, पण तिला कागदोपत्री आधार नाही. जगातल्या निम्म्या पदार्थांच्या जन्मकथेत असा एक धांदरट पोरगा असतोच. हाताखालच्या पोरांनी इतकं सांडलं असतं तर मुदपाकखाने कधीच बंद पडले असते.

घरी केक करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना या जबड्याशी देणंघेणं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच : म्हणायचं काय? गनाश, गानाश की गनाशे? तिन्ही ऐकू येतात. आणि ‘तो’, ‘ती’ की ‘ते’? मराठीत शब्द आला की त्याला लिंग द्यावंच लागतं, त्यात सवलत नाही. केक ‘तो’ झाला, पेस्ट्री ईकारान्त म्हणून बिनतक्रार ‘ती’ झाली, आयसिंग ‘ते’. क्रीम काही घरांत ‘ती’, काही घरांत ‘ते’. ‘-इंग’वाल्या शब्दांचा हिशेब तर मजेदार आहे. मीटिंग ‘ती’, कारण सभा ‘ती’. बिल्डिंग ‘ती’, कारण इमारत ‘ती’. पण आयसिंग, फ्रॉस्टिंग, पायपिंग हे सगळे ‘ते’, कारण त्यांच्या जागी बसेल असं मराठी नाम तयार नव्हतं आणि कानाला त्यांतली क्रिया ऐकू आली. फेटणं, मळणं, लिंपणं नपुंसकलिंगी, म्हणून त्यांच्याच पंगतीत ही पाहुणेमंडळी बसली. कुठल्याही समितीने हे ठरवलेलं नाही.

या स्वयंपाकघरातला सगळ्यात जास्त फिरलेला शब्द मात्र साधा आहे. साखर. संस्कृतमधल्या ‘शर्करा’चा मूळ अर्थ गोड वगैरे काही नव्हता, खडे, कंकर, वाळूची खर. उसाचा रस आटवून दाणे पडले, ते खड्यांसारखे दिसले, म्हणून तीही शर्करा. प्राकृतातल्या ‘सक्कर’मधून आपली साखर झाली, फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, तिथून इटालियन ‘झुक्केरो’, फ्रेंच ‘स्युक्र’, इंग्रजी ‘शुगर’. स्पॅनिशांनी घेताना अरबीतलं ‘अल्’ हे उपपदही सोबत उचललं, म्हणून त्यांची साखर ‘असुकार’. पोर्तुगीजांनी मलबार किनाऱ्यावर याच शर्करेचं मल्याळी रूप ऐकलं, त्याचं ‘जागरा’ केलं आणि इंग्रजांनी ‘जॅगरी’. म्हणजे शुगर आणि जॅगरी, साखर आणि गूळ, इंग्रजीत दोन वेगवेगळ्या गलबतांतून पोचलेला एकच शब्द. ‘कँडी’ही इथलीच : खंड, फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’, फ्रेंच ‘कांदी’.

हिंदीवाले साखरेला चीनी म्हणून श्रेय चीनला देतात आणि खडीसाखरेला मिश्री म्हणून मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला. मराठीने कोणालाच श्रेय दिलं नाही. आपली ती खडीसाखर. रस्त्यावर पसरतात तीही खडीच. शर्करेचा जुना अर्थ आपण नकळत दुसऱ्यांदा सांगतो आहोत.

हा जुना अर्थ बटरक्रीम करताना तोंडात येतो. मिक्सरवर घरी दळलेली पिठीसाखर लोण्यात घालून कितीही फेटली तरी दाताखाली कचकच लागते. तेव्हा शर्करा म्हणजे वाळू, हे कोशात बघावं लागत नाही. बाजारातली आयसिंग शुगर त्याहून बारीक असते आणि तिचे गोळे होऊ नयेत म्हणून तिच्यात थोडं कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं. घरी दळणाऱ्याने किलोभर साखरेला दोन-तीन चमचे कॉर्नफ्लोअर घालून दळावं, वस्त्रगाळ करावं आणि मगच लोण्याला हात लावावा. ‘वस्त्रगाळ’ हा आयुर्वेदाच्या चूर्णांचा शब्द असा केकच्या कामी येतो.

फॉन्डंट या शब्दाची तऱ्हा उलटी. फ्रेंच ‘फोंद्र’ म्हणजे वितळणं. फॉन्डंट म्हणजे वितळणारं. मूळ फॉन्डंट खरोखरच जिभेवर विरघळायचं. साखरेचा पाक साधारण 115 अंश सेल्सियसपर्यंत न्यायचा, कोमट होऊ द्यायचा आणि मग घोटत राहायचं. पारदर्शक पाक आधी दुधाळ होतो, मग पांढराशुभ्र लगदा. थर्मामीटर नसलेल्या आजीला हा टप्पा ठाऊक होता : पाण्याच्या वाटीत थेंब टाकला, बोटांनी गोळा केला आणि मऊ गोळी झाली, की पाक गोळीबंद. इंग्रजीतही या पायरीचं नाव गोळीवरूनच आहे. कोणी कोणाकडून घेतलं म्हणायचं? कोणीच नाही. वाटीत बोट घालून बघणाऱ्याला सगळीकडे गोळीच दिसते.

आज केकवर चादरीसारखं लाटून घालतात ते फॉन्डंट मात्र वेगळं. आयसिंग शुगर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन यांची ती कणीक. शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी जिलेटिनच्या जागी अगर किंवा सीएमसी पावडर. ते वितळू नये म्हणून एवढा खटाटोप, आणि नाव वितळणारं! एवढंच की मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हे फॉन्डंट आपल्या नावाला जागतं. फ्रिजमधून काढलं की दहा मिनिटांत त्यावर दव धरतं, रंग ओघळतात. तेव्हा सगळे एकच वाक्य म्हणतात : ‘फॉन्डंटला घाम आला.’ त्यावर उपाय म्हणजे हात न लावणं. पंख्याखाली ठेवलं तर ते बहुधा आपोआप सुकतं, आणि पुसायला गेलं की डाग पडतात.

त्या फ्रेंच ‘फोंद्र’च्या मागे लॅटिनमधलं ओतणं आहे, आणि त्या ओतण्याचं मूळ शोधत गेलं की संस्कृतातला ‘हु’ धातू भेटतो : अग्नीत ओतणं. होम, हवन, आहुती. म्हणजे गनाशमध्ये हनुमान आणि फॉन्डंटमध्ये होम. हे वाचून ‘बघा, केकसुद्धा मूळचा आपलाच’ असा निरोप पुढे पाठवण्याचा मोह होईल, तो आवरावा. साखर इथून खरंच गेली. पोत्यांत भरून, जहाजांवर चढून, वाटेत भाव ठरवत गेली. हनु आणि हु कुठूनही कुठे गेले नाहीत. ते आधीपासून दोन्ही घरांत होते, चुलत घराण्यांत एकच आडनाव असावं तसे. या दोन प्रकारांची गल्लत केली की शब्दचर्चेची भाऊबंदकी होते.

आयसिंगचा उगम सरळ आहे : बर्फासारखं पांढरं आणि गुळगुळीत दिसतं म्हणून आयसिंग. अमेरिकेत त्यालाच दहिवरावरून फ्रॉस्टिंग म्हणतात. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी 1769 मध्ये छापलेल्या पाकपुस्तकात नवरीच्या केकची कृती दिली आहे आणि त्या केकवर दोन थर सांगितले आहेत : आधी बदामाचं आयसिंग, त्यावर साखरेचं. हा बदामाचा थर म्हणजे मार्झिपान. त्याच्या नावाचा एक धागा ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराशी जोडतात. तिथून येणाऱ्या चकचकीत बरण्यांना अरबीत मर्तबान म्हणत, हिंदीत लोणच्याची बरणी आजही मर्तबान आहे, आणि बरणीचं नाव आतल्या मिठाईला लागलं, असा तो तर्क. मला तो पटतो, पण व्युत्पत्तीकारांत त्यावर भांडणं आहेत. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर हा पदार्थ ‘मासापांव’ होऊन आला आणि इथे बदामाच्या जागी काजू बसला. तो काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला, नावासकट. नाताळ आणि ईस्टरला मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत साच्यातून निघतं ते मार्झिपान बहुधा काजूचंच.

पेस्ट्रीचं आपण काय केलं ते बघण्यासारखं आहे. इंग्रजीत पेस्ट्री म्हणजे लोणी घालून मळलेली कणीक आणि तिचे भाजलेले पदार्थ. आपल्या खारीची जातकुळी. आपल्याकडे पेस्ट्री म्हणजे क्रीमच्या केकचा त्रिकोणी किंवा चौकोनी तुकडा. ‘अर्धा किलो केक घेऊ की चार पेस्ट्र्या?’ हा प्रश्न लंडनच्या बेकरीत कोणाला कळणार नाही. तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही. एका माणसाला पुरेल एवढ्या केकला नाव हवं होतं, ते मिळालं.

सजावटीच्या डब्यात सगळ्यात जास्त खणखणतात ते नोझल. नोझल म्हणजे शब्दशः नाकुली. ‘नोज’चं लहान रूप. आणि ‘नोज’ व ‘नासिका’ यांचं मूळ एकच. पण इथे खरी सत्ता आकड्यांची. ‘वन एम’ म्हटलं की गोल फिरवून होणारं रोझेट, ‘एकशे चार’ म्हटलं की पाकळी. हे आकडे विल्टन या अमेरिकी कंपनीच्या यादीमुळे रूढ झाले. तिचा उगम 1929 मध्ये शिकागोत ड्यूई विल्टन यांनी सुरू केलेल्या केकसजावटीच्या वर्गात आहे. शिवणारणी दोऱ्याचे रंग नंबराने मागतात, तसं इथेही नावाची गरज उरलेली नाही. झालरींवर झालरी चढवलेला लॅम्बेथ केक सध्या पुन्हा जोरात आहे. लंडनच्या लॅम्बेथ भागाशी त्याचा संबंध लावू नये. जोसेफ लॅम्बेथ नावाच्या कारागिराने 1934 मध्ये त्या पद्धतीचं पुस्तक काढलं, त्याचं ते नाव.

पायपिंगचा घोटाळा आणखी वेगळा. ब्लाऊजच्या गळ्याला पायपिंग, केकच्या काठालाही पायपिंग. घरी शिवण आणि केक दोन्ही करणाऱ्या बाईला कोणी फोनवर ‘पायपिंग सोनेरी हवं’ म्हटलं, तर आधी विचारावं लागतं : कापडाचं की क्रीमचं?

इथपर्यंत सगळी नामं झाली, आणि नामं जवळजवळ सगळी बाहेरची. क्रियापदं ऐकायला लागलं की चित्र पालटतं. क्रीम फेटायचं, फार फेटलं तर ते फुटतं. केक फुगतो, ओव्हनचं दार घाईने उघडलं तर बसतो. स्पंजला पाक पाजायचा. पहिला पातळ हात फिरवून चुरा बसवून टाकायचा. गनाश सैल पडतं, आळतं, त्याला तेल सुटतं. तेल सुटलं तर चमचा-दोन चमचे कोमट दूध घालून मधोमध ढवळलं की पुन्हा जमून येतं. ‘तेल सुटणं’ हा शब्द आमटीच्या वाटणाला शाबासकी म्हणून वापरतात, गनाशला शिवी म्हणून.

आणि सगळ्यात लाडकं क्रियापद ‘काढणं’. क्रीमचा गुलाब कोणी बनवत नाही, गुलाब काढतात. रांगोळी काढतात, मेंदी काढतात, कशिद्याची वेलबुट्टी काढतात, त्याच मालिकेत. प्राकृत ‘कड्ढ’ म्हणजे ओढणं, त्यावरून हा शब्द आला. इंग्रजीतही चित्र काढण्याचं क्रियापद मूळचं ओढण्याचंच आहे. आता एकशे चार नंबर हातात घ्या. रुंद टोक खाली, निमुळतं टोक वर. डाव्या हातात फुलाचा खिळा, म्हणजे चपट्या डोक्याची ती सळई, आणि त्यावर बटरपेपरचा चौकोन. आधी मधे क्रीमचा शंकू. मग क्रीम भरलेला कोन दाबत खिळा उलटा फिरवायचा : एक पाकळी शंकूला गुंडाळलेली, तिच्याबाहेर तीन, त्यांच्या बाहेर पाच, आणि दर ओळीला नोझल थोडं बाहेर कलतं. नवशिक्याचा गुलाब बिघडतो तो पाकळी संपताना. दाब चालू असतानाच हात उचलला की पाकळीला शेपटी येते. दाब सोडायचा, क्षणभर थांबायचं, मग ओढून घ्यायचं. क्रीम सैल असेल तर यातलं काहीच जमत नाही. कोन फ्रिजमध्ये ठेवून पाच मिनिटं चहा प्यावा.

या क्रियापदाची एक अडचण मात्र आहे. काढणं म्हणजे रेखाटणं आणि काढणं म्हणजे काढून टाकणंही. केकचा फोटो पाठवल्यावर गिऱ्हाइकाचा निरोप येतो, ‘ताई, वरचं फूल काढा ना,’ आणि ताई एका हातात कोन, दुसऱ्या हातात पॅलेट नाईफ घेऊन उलट फोन लावतात.