जोसेफ एमिडी : दोनदा पळवून नेलेला व्हायोलिनवादक

१/
इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. तेथील ट्रुरो शहराजवळ, केन्विन येथील चर्चच्या आवारात जोसेफ अँटोनियो एमिडी या संगीतकाराचे थडगे आहे. त्यांच्या आयुष्यावर आपल्या काळात नाटक लिहिले गेले आणि ते रंगमंचावर आले. मात्र अशा नाटकापुढे एक विलक्षण अडचण उभी राहते. नायक नामांकित संगीतकार होता, पण त्याने रचलेल्या संगीताचा एकही कागद आज उपलब्ध नाही.

२/
एमिडी यांचा जन्म १७७५ च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेतील गिनीच्या प्रदेशात झाला. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्यांना गुलाम करून ब्राझीलला नेले; तेथून ते मालकाबरोबर लिस्बनला आले. संगीताची उपजत जाण पाहून मालकाने त्यांना व्हायोलिन आणि शिक्षक मिळवून दिला. तीन-चार वर्षांतच ते लिस्बनच्या ऑपेराच्या वाद्यवृंदात वाजवू लागले.

३/
१७९५. ब्रिटन आणि क्रांतिकारी फ्रान्स यांच्यात युद्ध पेटलेले होते. ‘इंडिफॅटिगेबल’ ही ब्रिटिश युद्धनौका लिस्बनला आली होती. तिचा कप्तान एडवर्ड पेल्यू आपल्या अधिकाऱ्यांसह ऑपेराला जाई. खलाशांच्या नाचासाठी त्याला एक व्हायोलिनवादक हवा होता आणि एमिडी त्याच्या नजरेत भरले. एका रात्री ऑपेरातून बाहेर पडणाऱ्या एमिडींना त्याच्या माणसांनी व्हायोलिन आणि गजासकट उचलले व जहाजावर नेले.

४/
ब्रिटिश खलाशांना सक्तीने नौदलात ओढण्याची प्रथा त्या काळी रूढ होती. परंतु परक्या देशातील नाट्यगृहाच्या दारातून वादक पळवणे, हे त्या प्रथेतही बसणारे नव्हते. हायडन आणि मोत्सार्ट यांच्या रचना वाजवणारे हात आता डेकवर खलाशांच्या नाचाच्या धून वाजवू लागले. ते पळून जातील या भीतीने त्यांना किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिले जात नसे. जानेवारी १७९७ मध्ये या जहाजाने ‘द्रुवा द लॉम’ या फ्रेंच युद्धनौकेशी वादळी समुद्रात झुंज दिली, तेव्हाही एमिडी जहाजावरच होते. त्या फ्रेंच जहाजाच्या नावाचा अर्थ होतो, ‘मानवाचे हक्क’!

५/
१७९९ मध्ये पेल्यूची दुसऱ्या जहाजावर नेमणूक झाली आणि एमिडी कॉर्नवॉलमधील फाल्मथ बंदरात मोकळे झाले. तेथे त्यांनी संगीताच्या शिकवण्या सुरू केल्या, मैफली भरवल्या, स्वतःच्या रचना सादर केल्या. १८०२ मध्ये जेनेफर हचिन्स या स्थानिक तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते ट्रुरोला स्थायिक झाले आणि तेथील फिलहार्मोनिक संस्थेच्या वाद्यवृंदाचे प्रमुख बनले.

६/
जेम्स सिल्क बकिंगहॅम हा त्यांचा एक शिष्य. हेच बकिंगहॅम पुढे १८१८ मध्ये ‘कलकत्ता जर्नल’चे संपादक झाले आणि कंपनी सरकारवरील टीकेमुळे १८२३ मध्ये त्यांना हिंदुस्थानातून हद्दपार करण्यात आले. तरुणपणी त्यांनी गुरूच्या रचना लंडनला नेऊन योहान पीटर सालोमन यांना दाखवल्या. हायडनला लंडनला आणणारे ते हेच सालोमन. त्यांनी त्या रचना वाजवून पाहिल्या. त्या त्यांना आवडल्या आणि एमिडींना लंडनला बोलवावे असेही त्यांना वाटले. इतर जाणकारांनी मात्र खोडा घातला : त्वचेचा रंग आड येईल, कार्यक्रम फसेल. अखेर त्यांच्यासाठी वर्गणी गोळा झाली. लंडनचे निमंत्रण काही गेले नाही.

७/
हे सारे आपल्याला कळते ते मुख्यतः बकिंगहॅम यांच्या १८५५ मधील आत्मचरित्रातून. म्हणजे एमिडींच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, शिष्याने आठवणीतून लिहिलेल्या मजकुरातून. जहाजाची हजेरीपुस्तके, विवाहाची नोंद आणि स्थानिक वृत्तपत्रांतील मैफलींच्या बातम्या त्याला आधार देतात.

८/
२३ एप्रिल १८३५ रोजी एमिडी निवर्तले. कुटुंबाने उभारलेल्या थडग्यावरील मजकूर सांगतो की, ते मूळचे पोर्तुगालचे, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी तो देश सोडला. त्यात आफ्रिका नाही, गुलामी नाही, ती लिस्बनची रात्रही नाही. अपहरणाचे रूपांतर ‘देश सोडणे’ या साध्या क्रियेत झाले. कुटुंबाने हे लज्जेपोटी केले की प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी, याचे उत्तर दगड देत नाही.

९/
आता पेल्यूकडे पाहा. पुढे तो लॉर्ड एक्समथ झाला. २७ ऑगस्ट १८१६ रोजी त्याने अल्जिअर्सवर तोफांचा भडिमार केला आणि तेथे गुलामीत खितपत पडलेल्या हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांची सुटका घडवून आणली. या पराक्रमासाठी युरोपने त्याला डोक्यावर घेतले. आपणच डांबून ठेवलेला एक वादक तेव्हा कॉर्नवॉलमध्ये मुलांना व्हायोलिन शिकवत आहे, याची आठवण त्याला झाली असेल का?

१०/
इतिहासकाराला या प्रश्नापाशी थांबावे लागते, नाटककाराला नाही. म्हणूनच अशा नाटकाची गरज भासते. मात्र प्रेक्षागृहात बसताना एवढे ध्यानात असू द्यावे : नट एमिडी म्हणून व्हायोलिन खांद्याला लावतो, तेव्हा ऐकू येणारी धून दुसऱ्या कोणाची तरी असते. सालोमन यांनी वाखाणलेले ते संगीत आपल्यापैकी कोणीही ऐकलेले नाही.

(समाप्त)