आठ आण्यांची विकेट

नारायणगावहून बाजरीची पोती गाडीत घालून तुम्ही निघालात. मंचर, खेड, चाकण करत पुण्यात पोचेपर्यंत कंबरेचा पार भुगा झालाय. पोती उतरवलीत ना? मग लष्कराकडे चला. साल विचारू नका; 1890चं दशक आहे एवढं पुरे. धोतरही झटकू नका, धूळ सगळीकडेच आहे.

हे पूना जिमखान्याचं मैदान. कुंपणाशीच थांबा, आत गेलात तर हाकलतील. ओल्या गवताचा वास येतोय, त्यात घोड्यांची लीद मिसळलेली. तो सतरा-अठरा वर्षांचा पोरगा दिसतोय? पहाटेपासून रूळ ओढलाय, जाळी बांधलीय, खेळपट्टी झाडलीय. पगार महिना चार रुपये. नाव बाळू पालवणकर, जातीनं चांभार.

बाकीचे साहेब यायच्या तासभर आधी कॅप्टन ग्रेग बॅट घेऊन हजर. बाळू घामेजला हात सदऱ्याला पुसतो, दोन-चार पावलं टाकतो आणि डाव्या हातातून चेंडू सुटतो. भोवऱ्यासारखा गुंगत येतो, टप्पा पडला की वळतो. खट्! दांडी गुल. म्हणतात, बाद केलं की साहेब आठ आणे देतो. हिशेब करा: आठ वेळा उडवला की महिन्याचा पगार! बॅट मात्र बाळूच्या हाती कुणी देत नाही.

आता काळात थोडं पुढं सरका. ऊन डोक्यावर, पायाखालची माती चटके देतेय, गर्दीचे कोपर तुमच्या बरगड्यांत. पुण्याचे हिंदू विरुद्ध साहेब, आणि बाळू आता हिंदूंच्या संघात. बाळूनं गडी उडवला की असा गिल्ला होतो की कान बधिर व्हावेत. मग चहाची सुट्टी. संघातले बाकीचे आत, चिनी मातीच्या कपांतून चहा पितात. बाळू बाहेर उभा, हातात मातीचं बोळकं. विटाळ चेंडूला लागत नाही, कपाला लागतो! पुण्याच्या सोवळ्याचं हे गणित तुम्हाला सुटलं तर मलाही सांगा.

हाच बाळू 1911 मध्ये इंग्लंडात शंभरावर बळी घेणार. पुढं अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून 1932च्या पुणे करारावर सहीही करणार. पण त्याआधी, 1920 साली त्याला हिंदू संघातून वगळलं आणि त्याचा भाऊ विठ्ठल याला डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिलं, तेव्हा विठ्ठल आणि दुसरा भाऊ शिवराम जाहीर पत्रक काढून संघाबाहेर पडले. आपल्या खेळाडूंनी हक्कासाठी उघड उभं राहण्याच्या सुरुवातीच्या प्रसंगांत हा मोजायलाच हवा. हिंदू संघाचं कर्णधारपद अखेर 1923 मध्ये पालवणकरांच्या घरात आलं, ते विठ्ठलकडे. बाळूची वेळ तोवर निघून गेली होती.