कँटनच्या वखारी आणि आपण

बोरीवलीतला माझा शेजारी माल घ्यायला चीनमधल्या ग्वांगझूला जातो. परतला की हलाल खाणावळींच्या आणि जुम्म्याला भेटलेल्या देशोदेशीच्या माणसांच्या गोष्टी सांगतो. मला त्या शहराचं जुनं नाव आठवतं, कँटन.

१८४२ पूर्वी मुंबईहून गेलेले पारशी आणि मुसलमान व्यापारी तिथे हंगामापुरते राहत. मुक्काम नदीकाठच्या वखारींतच. बायका आणायला मनाई, शहराच्या तटाच्या आत जायला मनाई. हंगाम संपला की मकावला निघायचं. जुनी हुआईशेंग मशीद तटाच्या आत होती.

आपले कोकणी मुसलमान मोहम्मद अली रोगे याच चीन व्यापारात जमशेदजी जीजीभाईंचे भागीदार होते. आपण हे अभिमानाने सांगतो. पण मुंबईहून जाणाऱ्या मालात कापसाबरोबर अफूही असे. चीनमध्ये तिच्यावर बंदी होती. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांना वखारींत कोंडलं आणि २०,००० हून जास्त पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली.

शेजाऱ्याला हे सगळं सांगितलं. रोगेंचं नाव त्याने ऐकलं होतं. अफूचं कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, ते आपणच सांगायला हवं.