वॉशिंग मशीन (टॉप लोड) : कपडे न पिळले जाणे
वरून कपडे टाकण्याच्या स्वयंचलित वॉशिंग मशीनमध्ये धुलाईनंतर ड्रम वेगाने फिरतो व केंद्रोत्सारी बलामुळे कपड्यांतील पाणी बाहेर पडते. ही क्रिया बंद पडण्याची कारणे सहसा साधी असतात.

निचरा : पाणी पूर्ण निघाल्याखेरीज ड्रम वेग घेत नाही. निचऱ्याची नळी दुमडली वा तुंबली आहे का, हे प्रथम पाहावे. मराठवाड्यात कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन (जड) असते. त्यातील क्षार झडपेत साचतात.

झाकण : झाकण नीट न लागल्यास सुरक्षा-स्विच ड्रम फिरू देत नाही.

तोल : चादरीसारखे जड कपडे एका बाजूस गोळा झाल्यास तोल जातो. अशा वेळी अनेक यंत्रे कपडे पसरवण्यासाठी पुन्हा पाणी घेतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात हा अपव्यय टाळणे अगत्याचे आहे. त्यासाठी यंत्र थांबवून कपडे हाताने सारखे पसरावेत.

अंतर्गत बिघाड : एवढे करूनही ड्रम न फिरल्यास पट्टा, क्लच, कपॅसिटर किंवा मोटार सदोष असू शकते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरू शकतो. म्हणून हे भाग जाणकार तंत्रज्ञानेच उघडावेत.