सागरी परिस्थितिविज्ञान व संरक्षण : विद्यापीठीय अध्ययनाचा इतिहास

समुद्रातील सजीवांचे परस्परांशी व खारटपणा, तापमान, प्रकाश, भरती-ओहोटी, तळाचे स्वरूप इ. भौतिक घटकांशी असलेले संबंध अभ्यासणारी विज्ञानशाखा म्हणजे सागरी परिस्थितिविज्ञान. या संबंधांच्या ज्ञानाच्या आधारे सागरी जीवसंपत्तीचे जतन करणे हा सागरी संरक्षणाचा विषय होय. आज अनेक विद्यापीठांत हे दोन्ही विषय एकत्र शिकविले जातात. तथापि त्यांची सांगड बऱ्याच उशिरा घातली गेली आणि ती प्रयोगशाळेपेक्षा मासेमारीच्या प्रश्नांतून अधिक घडली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्रजीवांचा अभ्यास मुख्यत्वे नमुने जमवून त्यांचे वर्गीकरण करण्यापुरता मर्यादित होता. एडवर्ड फोर्ब्ज (१८१५–५४) यांनी १८४१–४२ मध्ये एजियन समुद्राचा तळ खरवडून खोलीनुसार प्राण्यांचे पट्टे कसे बदलतात हे दाखविले. मात्र सु. ३०० फॅदमखाली जीवसृष्टी नसावी, हे त्यांचे अनुमान पुढील सफरींनी खोटे ठरविले. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीचे (१८७२–७६) वैज्ञानिक नेतृत्व एडिंबरो विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स वायव्हिल टॉमसन यांच्याकडे होते. याच सुमारास, १८७२ मध्ये, आंटोन डोर्न यांनी नेपल्स येथे सागरी प्राणिसंशोधन केंद्र स्थापन केले. तेथील अभ्यासाची मेजे वार्षिक शुल्क भरून विद्यापीठांनी व शासनांनी घ्यावयाची, अशी पद्धत त्यांनी पाडली. समुद्रापासून दूर असलेल्या विद्यापीठांतील अभ्यासकांनाही त्यामुळे जिवंत प्राणी हाताळता येऊ लागले.

या शास्त्राचा पाया मात्र कालवांच्या प्रश्नाने घातला गेला. कील विद्यापीठातील प्राणिविज्ञानाचे प्राध्यापक कार्ल मबिअस (१८२५–१९०८) यांच्याकडे प्रशियाच्या शासनाने एक व्यावहारिक प्रश्न सोपविला : श्लेस्विग-होल्स्टाइनच्या किनाऱ्यावर कालवांची कृत्रिम पैदास करून उत्पन्न वाढविता येईल काय? रेल्वेमुळे दूरच्या शहरांत कालवे पोहोचू लागली होती व मागणी वाढत होती. १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मबिअस यांनी या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. त्यांच्या उत्तरापेक्षा त्यामागील विचारसरणी अधिक महत्त्वाची ठरली. एक मादी लक्षावधी डिंभ सोडते, म्हणून कालवे अमर्याद वाढतील, हा समज त्यांनी खोडून काढला. डिंभाला चिकटण्यासाठी स्वच्छ व कठीण पृष्ठ लागते. अन्न, जागा व शत्रू यांच्या मर्यादेत फारच थोडे डिंभ वाचतात. कालवांच्या थरावर राहणारे इतर अनेक प्राणी त्याच जागेत व त्याच अन्नावर वाटेकरी असतात. या सर्वांच्या परस्परावलंबी समुदायाला त्यांनी ‘बायोसीनोसिस’ (जीवसमुदाय) ही संज्ञा दिली. समुदायातील एक घटक प्रमाणाबाहेर काढून नेल्यास त्याची जागा रिकामी राहत नाही. दुसरे जीव ती बळकावतात. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर अतिरिक्त उपशानंतर कालवांच्या जागी खुबे व शिणाणे यांच्या वर्गातील शिंपाधारी प्राणी पसरल्याचे उदाहरण त्यांनी दिले होते. त्यांच्या इशाऱ्यानंतरही उपसा चालूच राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या जर्मन किनाऱ्यावरील मूळ जातीची कालवे नामशेष झाली. कील येथीलच व्हिक्टर हेन्झेन यांनी १८८७ मध्ये ‘प्लवक’ या अर्थाची ‘प्लँक्टन’ ही संज्ञा रूढ करून समुद्राच्या उत्पादकतेच्या मोजमापास आरंभ केला.

ब्रिटनमध्ये याच काळात एक वाद उद्‌भवला. १८८३ मध्ये लंडन येथील मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्स्ली यांनी कॉड, हेरिंग यांसारख्या मोठ्या सागरी मत्स्यसाठ्यांना अंत नाही, असे मत मांडले. कालवांचा त्यांनी अपवाद केला होता, ही गोष्ट हक्स्लींना दोष देताना पुष्कळदा विसरली जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रे लँकेस्टर यांना हे मत मान्य नव्हते. त्यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सागरी जीवविज्ञान संघ स्थापन झाला व १८८८ मध्ये प्लिमथची प्रयोगशाळा सुरू झाली. वॉल्टर गार्स्टँग यांनी १९०० मध्ये बोटींच्या वाढत्या सामर्थ्याच्या तुलनेत मिळकत घटत असल्याचे आकडेवारीनिशी दाखविले. पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातील मासेमारी बरीचशी थांबली आणि युद्धानंतर मासे अधिक व मोठे मिळू लागले. समुद्राला विश्रांती दिल्यास काय घडते, याचा हा कोणीही न योजलेला प्रयोगच होता.

भारतीय उपखंडाशी या परंपरेचा प्रारंभीचा संबंध मोत्यांमुळे आला. लिव्हरपूल येथील प्राध्यापक विल्यम हर्डमन यांनी १९०२ मध्ये मानारच्या आखातातील मोत्यांच्या शिंपल्यांच्या थरांची पाहणी केली व तिचा अहवाल १९०३–०६ मध्ये पाच भागांत प्रसिद्ध झाला. त्यांचे सहकारी जेम्स हॉर्नेल पुढे मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख झाले. शास्त्रीय पाहणीच्या भरवशावर १९०६ मध्ये हे थर एका कंपनीला खंडाने देण्यात आले. परंतु हंगाम लवकरच ओसरला आणि काही वर्षांतच कंपनी गुंडाळावी लागली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरीक्षणाच्या जोडीला प्रत्यक्ष किनाऱ्यावरील प्रयोग आले. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडमधील खडकांवर बार्नेकलांच्या दोन जातींपैकी एक काढून टाकून जागेसाठीची स्पर्धा सिद्ध केली (१९६१). वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट पेन यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरील खडकाच्या एका पट्ट्यातून तारामीन सातत्याने उचलून दूर फेकले. त्यांचे भक्ष्य असलेल्या शिणाण्यांनी हळूहळू जागा व्यापली व तेथील जातींची संख्या १५ वरून ८ वर आली (१९६६). अशा प्राण्याला त्यांनी पुढे कमानीतील कळीच्या दगडाची उपमा दिली.

प्रयोगातून संरक्षणाकडे जाण्याची वाट सर्वांत स्पष्टपणे दोन ठिकाणी दिसते. न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठाची ली येथील प्रयोगशाळा १९६२ मध्ये सुरू झाली. अभ्यासासाठी राखलेल्या खडकांवरील प्राणी लोक काढून नेत असल्याने बिल बॅलंटाइन व त्यांचे सहकारी यांनी तेथे संपूर्ण मासेमारीबंदीची मागणी केली. स्थानिक विरोध पुष्कळ झाला. तरीही १९७१ मध्ये कायदा संमत होऊन १९७५ मध्ये राखीव क्षेत्र घोषित झाले. कालांतराने तेथे स्नॅपर मासे व शेवंडे वाढली, त्यांनी सागरी साळ्यांची संख्या आटोक्यात आणली आणि साळ्यांनी खाऊन उजाड केलेल्या खडकांवर पुन्हा तपकिरी शैवलांची वने उभी राहिली. फिलिपीन्समधील सिलिमन विद्यापीठाने १९७४ मध्ये सुमिलोन बेटाच्या प्रवाळभित्तीचा काही भाग राखीव केला. १९८४ मध्ये ही बंदी मोडली. मासेमारीचे क्षेत्र वाढूनही कोळ्यांची मिळकत उलट घटली. राखीव भागातील मासे बाहेरच्या जाळ्यांनाही पुरवठा करीत होते, हे आंजेल अल्काला व गॅरी रस यांना यावरून दाखविता आले. बंदी लादण्यापेक्षा ती कोळ्यांनी स्वतः पाळणे अधिक टिकाऊ, हे जवळच्या आपो बेटावरील अनुभवाने दिसून आले.

भारतात या विषयाचे अध्यापन मुख्यतः पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवरील विद्यापीठांत रुजले. मद्रास, आंध्र व केरळ या विद्यापीठांबरोबरच अण्णामलई विद्यापीठाचे पोर्टो नोव्हो (परंगीपेट्टै) येथील केंद्र विशेष उल्लेखनीय आहे. आर्. व्ही. शेषय्या यांनी उभारलेल्या या केंद्राला नदीमुख, खाडी, कच्छ वनश्री व उघडा समुद्र ही सर्व अधिवासस्थाने हाताशी लाभली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, एन्. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक होत. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावल येथे आहे. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तेथील बी. एफ्. छापगर यांनी मुंबई राज्याच्या किनाऱ्यावरील खेकड्यांवर केलेले लेखन (१९५७) आजही पायाभूत मानले जाते. कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय काढले. या अभ्यासक्रमांचा भर दीर्घकाळ उत्पादनवाढीवर राहिला.

संरक्षित सागरी क्षेत्रांची सुरुवात कच्छच्या आखातात १९८० मध्ये अभयारण्य व १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित होऊन झाली. महाराष्ट्रात १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सु. २९ चौ. किमी. क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथे प्रवाळ व समृद्ध शैवले आहेत. पण रापण ओढणाऱ्यांची व लहान होड्यांची नित्याची वहिवाटही त्याच पाण्यात आहे. उपजीविका जाईल या भीतीने मच्छीमारांनी घोषणेला विरोध केला आणि नकाशावर आखलेली सीमा प्रत्यक्षात दीर्घकाळ अमलात आली नाही.